घानातली सुनावणी लोकांनी पाहायला हवी होती

घानाच्या सरन्यायाधीश जर्ट्रूड टॉर्कोर्नू यांना अध्यक्ष जॉन महामा यांनी 1 सप्टेंबर 2025 रोजी पदावरून दूर केलं. 1992च्या घटनेखाली असं पहिल्यांदाच घडलं. बातमीत फारसं न आलेली गोष्ट म्हणजे, ज्या चौकशीवर हा निर्णय उभा आहे तिचं कामकाज घानातल्या एकाही सामान्य माणसाला पाहता आलं नाही.

याच देशाने आपलं सर्वोच्च न्यायालय घराघरांत पोहोचवलं होतं. डिसेंबर 2012मध्ये महामा निवडून आले आणि पराभूत उमेदवार नाना अकुफो-आडो यांनी निकालाला आव्हान दिलं. अध्यक्षीय निवडणुकीचा वाद तिथे थेट सर्वोच्च न्यायालयात जातो. न्या. विल्यम अटुगुबा यांच्यासह नऊ न्यायाधीश बसले आणि सुनावणी टीव्हीवर थेट दाखवली गेली. भांडण होतं मतदान केंद्रांच्या निकालपत्रकांवरून, ज्यांना घानात सगळे ‘पिंक शीट’ म्हणतात. साक्षीला अकुफो-आडो यांचे सहकारी महामुदु बावुमिया, उलटतपासणीला कसलेले वकील त्सात्सू त्सिकाता. ‘तुम्ही आणि मी तिथे नव्हतो’, म्हणजे कागदावर काय आहे तेवढंच बोला, हे बावुमियांचं पालुपद लोकांच्या तोंडी रुळलं. 29 ऑगस्ट 2013 रोजी याचिका फेटाळली गेली. निकाल पटला नाही, पण मान्य आहे, असं सांगून अकुफो-आडो यांनी महामांना फोन केला. हरलेल्या बाजूनेही सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. माझ्या मते देश शांत राहिला तो यामुळेच.

या न्यायालयाची खरी ताकद घटनेच्या कलम 2 मध्ये आहे. एखादा कायदा किंवा सरकारी कृती घटनाबाह्य आहे असं वाटणारी कोणतीही व्यक्ती थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ शकते. 1993मध्ये जेरी रॉलिंग्ज अध्यक्ष होते. त्यांनी 31 डिसेंबर 1981ला सत्ता बळकावली, त्याचा वर्धापनदिन सरकारी खर्चाने साजरा करता येणार नाही, असं न्यायालयाने त्यांच्याच राजवटीत बजावलं. मोर्चासाठी पोलिसांचा परवाना लागण्याची अटही त्याच वर्षी रद्द केली.

असं धाडस त्याआधी न्यायाधीशांना स्वस्त पडलं नव्हतं. डिसेंबर 1963मध्ये तेव्हाचे अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांनी सरन्यायाधीश आर्कू कोर्सा यांना काढलं, कारण राजद्रोहाच्या खटल्यात त्यांनी काही आरोपींना निर्दोष सोडलं होतं. 30 जून 1982च्या रात्री उच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांना घरातून उचलून नेऊन ठार मारण्यात आलं. त्यात सेसिलिया कोरांटेंग-अॅडो होत्या. म्हणूनच 1992च्या घटनेने न्यायाधीशाला हटवण्यासाठी कलम 146 ची वाट आखली.

सरन्यायाधीशांविरुद्ध तक्रार आली की अध्यक्ष राज्य परिषद या सल्लागार मंडळाशी सल्लामसलत करून पाच जणांची समिती नेमतात. त्यात सर्वोच्च न्यायालयाचे दोन न्यायाधीश आणि वकील नसलेले तिघे असतात. समितीचा निष्कर्ष अध्यक्षांवर बंधनकारक असतो. भारतात यासाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत लागतं. घानात संसदेत मतदान होत नाही आणि चौकशी बंद दाराआडच होते. ती तरतूद न्यायाधीशाची अब्रू सांभाळण्यासाठी आहे, असं समर्थन केलं जातं. पण टॉर्कोर्नू यांनी स्वतःच उघड सुनावणी मागितली होती! ती मिळाली नाही. चौकशीला स्थगिती मिळावी म्हणून त्या आपल्याच न्यायालयात गेल्या, तिथेही हाती काही लागलं नाही.

सरकारी पैशाने खासगी प्रवास केल्याचा ठपका त्यांच्यावर आहे. तो खरा असेल तर त्यांना जावंच लागलं असतं, त्यात शंका नाही. पण त्यांची नेमणूक 2023मध्ये तेव्हा अध्यक्ष असलेल्या अकुफो-आडो यांनी केली होती आणि त्यांना हटवलं पुन्हा सत्तेवर आलेल्या महामांनी. अशा वेळी पुरावा लोकांसमोर न आल्यास निम्मा देश याला राजकीय सूड म्हणणार आणि तो आरोप खोटा पाडायला सरकारजवळ काही नसणार. घटनादुरुस्तीचा विचार करण्यासाठी महामांनी 2025मध्ये एक समिती नेमली. चौकशी उघड हवी असं न्यायाधीशच म्हणत असेल, तर ती उघडच घेतली जावी, एवढा बदल त्या निमित्ताने कलम 146 मध्ये व्हायलाच हवा.