पैसा कुणाच्या हातात पडतो?

घरात येणारे पैसे नवऱ्याच्या हातात पडले काय किंवा बायकोच्या, घर तेच आणि गरजाही त्याच. मग खर्चात फरक कशाला पडेल? अर्थशास्त्रानेही बराच काळ असंच मानलं. १९९२ चे नोबेलविजेते गॅरी बेकर यांच्या मांडणीत घराला जणू एकच मन असतं: सगळ्यांचं भलं पाहणारा कर्ता असतो आणि कमाई कुणाचीही असो, ती एकाच डब्यात जमा होते.

डबा खरंच एक आहे का, हे तपासण्याची संधी ब्रिटन सरकारने नकळत देऊन ठेवली. तिथे मुलांसाठीची करसवलत बहुतेक घरांत वडिलांच्या पगारात मिळत असे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस ती टप्प्याटप्प्याने बंद झाली आणि त्याऐवजी मुलांचा भत्ता आईच्या हातात रोख पडू लागला. पुढे शेली लुंडबर्ग, रॉबर्ट पोलक आणि टेरेन्स वेल्स यांनी त्या काळातल्या घरखर्चाच्या नोंदी चाळल्या, तेव्हा पुरुषांच्या कपड्यांच्या तुलनेत बायकांच्या आणि मुलांच्या कपड्यांवरचा खर्च वाढलेला दिसला. पैसा खिशातून पर्समध्ये गेला आणि त्याचा माग थेट कपड्यांच्या हिशेबात उमटला!

म्हणजे घरात एक मन नाही, निदान दोन आहेत आणि त्यांच्यात सतत देवघेव चालू असते. १९८० च्या सुमारास अर्थतज्ज्ञांनी ही देवघेव गणितात मांडली. त्या गणिताच्या मुळाशी एक बोचरा प्रश्न आहे: उद्या बोलणी फिसकटली, तर कोण कशाच्या आधारावर उभं राहील? ज्याच्याकडे स्वतःची कमाई, जमीन किंवा माहेरचा भक्कम आधार, त्याच्या शब्दाला वजन. ही ताकद प्रत्यक्ष वापरावीही लागत नाही. ती आहे एवढं दोघांना ठाऊक असलं, तरी पारडं झुकतं.

तरी एक आशा उरतेच. वाटणीवरून कितीही ओढाताण झाली, तरी घराचं एकूण उत्पन्न वाढावं, असं तर दोघांनाही वाटेल ना? इथे पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोची शेतं थक्क करतात. तिथे एकाच घरात नवऱ्याचे तुकडे वेगळे आणि बायकोचे वेगळे असतात. हैदराबादजवळ मुख्यालय असलेल्या ‘इक्रिसॅट’ने १९८० च्या दशकात तिथल्या सहा गावांत तुकड्यातुकड्याची नोंद ठेवली होती. क्रिस्टोफर उड्री यांनी ती तपासून १९९६ मध्ये निष्कर्ष मांडला. घर एकच, वर्ष एकच, पीकही एकच. तरी बायकांच्या तुकड्यांवरचं उत्पन्न सुमारे ३० टक्के कमी. बायका आळशी नव्हत्या आणि जमीनही हलकी नव्हती. शेणखत जवळजवळ सगळं पुरुषांच्या तुकड्यांवर पडत होतं आणि मजूरहातही तिकडेच जास्त राबत होते.

आधीच खत मिळालेल्या रानात आणखी एक पाटी टाकली, तर पीक थोडंच वाढतं. तीच पाटी शेजारच्या भुकेल्या रानात पडली असती, तर जास्त दिलं असतं. खत आणि श्रम नीट वाटले असते, तर घराचं उत्पन्न सुमारे ६ टक्क्यांनी वाढलं असतं, असा उड्री यांचा अंदाज आहे. जिथे खाणारी तोंडं जास्त आणि धान्य थोडं, तिथे हे धान्य केवळ रान कुणाचं यापायी हातचं जात होतं.

म्हणून मदत किती दिली याइतकंच ती कुणाच्या नावावर दिली, हेही महत्त्वाचं. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत शेतकऱ्यांना स्वखुशीने थोडी जमीन बायकोच्या नावावर करायला सांगितलं, त्याचं मोल या गणितातून आणखी ठळक होतं. सातबाऱ्यावरचं नाव म्हणजे घरातल्या प्रत्येक निर्णयात एक जास्तीचं मत आहे, आणि ते मत शेतात किती पिकेल इथपर्यंत पोचतं.