किरायाची खोली, डिपॉझिट आणि कायदा

राणीसावरगाव व आसपासच्या वाड्या-तांड्यांतून बारावी झालेली आपली मुले-मुली दरवर्षी परभणी, लातूर, नांदेड आणि पुण्याकडे शिक्षणासाठी जातात. शासकीय वसतिगृहात नंबर लागला तर ठीक. नाही लागला तर किरायाची खोली शोधणे आले. खोली पसंत पडते, किरायाही कसाबसा परवडतो, पण घरमालक डिपॉझिटचा आकडा सांगतो आणि तेथे बापाचा जीव अडतो. या अनामत रकमेला कायद्याची काही मर्यादा आहे काय, एवढाच प्रश्न आम्ही येथे घेतला आहे.

घर मिळणे ही आपल्या समाजाला केवळ पैशाची बाब कधीच नव्हती. परमपूज्य बाबासाहेब १९१७ साली बडोदा संस्थानात नोकरीस गेले, तेव्हा परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या या महापुरुषाला शहरात राहायला जागा मिळेना. पारशी नाव सांगून ते पारशी धर्मशाळेत राहिले. जात कळताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना जागा सोडण्यास भाग पाडले. आज जात सहसा तोंडावर विचारली जात नाही. आडनाव ऐकल्यावर डिपॉझिट वाढल्याच्या गोष्टी मात्र अजून कानी येतात.

आता कायदा पाहू. मुंबई राज्याच्या १९४७ च्या भाडे कायद्यात जागा देताना भाड्याखेरीज पागडी किंवा अनामत घेणे हा गुन्हा होता. तरी पागडी चालूच राहिली. ती चोरून आणि विनापावती. मराठवाडा तेव्हा निजामी राजवटीत व पुढे हैदराबाद राज्यात असल्याने आपल्याकडे हैदराबादचा १९५४ चा कायदा होता. हे जुने कायदे रद्द होऊन महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा एकच कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. अनुसूचीत नमूद केलेल्या शहरांना व गावांना तो लागू आहे. त्याच्या कलम ५६ ने घरमालकाला पागडी व अनामत घेण्याची उघड मुभा दिली, पण किती घ्यावी याचा आकडा कोठेच घातला नाही. चोरीचा व्यवहार उजेडात आणण्याचा हेतू आम्ही समजू शकतो. पण मर्यादा न घालणे ही काही गरिबावरची मेहेरबानी नव्हे.

'दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही' असे अनेक जण ठासून सांगतात. ते अर्धवट ऐकलेले असते. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ जून २०२१ रोजी आदर्श भाडेकरू अधिनियम मंजूर केला. त्यात राहत्या घरासाठी जास्तीत जास्त दोन महिन्यांचे आणि इतर जागांसाठी सहा महिन्यांचे भाडे एवढी मर्यादा आहे. परंतु हा नमुना आहे. राज्याने तसा कायदा केल्यावरच तो तेथे लागू होतो. उत्तर प्रदेशने २०२१ साली तसा कायदा केला. महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालू आहे. जर्मनीत तर मर्यादा तीन महिन्यांची आहे आणि ती रक्कमही भाडेकरूला तीन हप्त्यांत देता येते. आम्हाला ही हप्त्यांची सोय मर्यादेइतकीच मोलाची वाटते, कारण आपल्या मुलाची अडचण पहिल्या दिवसाच्या रोख रकमेची असते. २०१६-१७ साली सुरू झालेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत पुणे-मुंबईसारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले. त्यांत निवासाचे २०,०००, म्हणजे महिन्याला १,७०० सुद्धा नाहीत. तेही प्रवेश, अर्ज, छाननी झाल्यावर खात्यावर येणार. डिपॉझिट तोवर थांबत नाही.

आकड्यावर मर्यादा नाही, मग हातात काय उरते? कागद. कलम ५५ प्रमाणे भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी असला पाहिजे व त्याची नोंदणी झाली पाहिजे. ही जबाबदारी घरमालकाची आहे. त्याने नोंदणी केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. शिवाय अटींबाबत वाद झाल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रापुरता चुकीचा आहे. खर्चही फार नाही. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात मुदतीचा एकूण किराया आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर दरसाल दहा टक्क्यांनी धरलेले व्याज, यांच्या बेरजेवर शंभराला पंचवीस पैसे मुद्रांक शुल्क पडते. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० व शहरात १,००० रुपये आहे.

करारात डिपॉझिटचा आकडा, ते कोणत्या दिवशी परत मिळेल आणि कशापोटी कापले जाईल, हे स्पष्ट लिहून घ्यावे. 'रंगरंगोटीचे पैसे' ही कापाकापी बहुधा शेवटच्या दिवशीच निघते. म्हणून खोलीत जाताना भिंती, नळ, दारे यांचे फोटो काढून ठेवावेत. पैसे बँकेतून द्यावेत. रोख दिलेच तर पावती घ्यावी.

तरीही रक्कम अडकली तर दिवाणी न्यायालयात दावा करता येतो. वकिलाच्या फीला भिऊन गप्प बसू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार अनुसूचित जातीच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना मोफत वकील मिळतो. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा मिळालेला आहे. परभणीच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. सोबत जातीचा दाखला, कराराची प्रत, पैसे दिल्याचा पुरावा आणि घरमालकाला पाठविलेल्या मागणीपत्राची पोचपावती न्यावी.