मालवाहू चाकं, भाग ७ : टोचनच्या गाडीला टायर घेण्याआधी काट्यावर चला

मागच्या भागात ब्रेक पाहिले. या आठवड्यात टायर, आणि तेही बंद पडलेली दुसरी गाडी उचलून किंवा ओढून नेणाऱ्या गाडीचे.

जळगाव, धुळे, नंदुरबारहून सुरतेत येऊन उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा भागात स्थिरावलेल्या मराठी माणसांपैकी कितीतरी जण टेम्पो-ट्रकच्या धंद्यात आहेत. सुरतेसारख्या शहरात टोचनच्या गाडीला कामाची वाण नाही. लूमवरचं कापड घेऊन निघालेला टेम्पो उधना-मगदल्ला रोडवर आक्सल तुटून बसतो. पावसाळ्यात मिठी खाडीचं पाणी लिंबायत-पर्वत पाटिया भागात शिरलं की दोन दिवस फक्त बंद गाड्या काढायचं काम चालतं. पलसाणा किंवा कडोदऱ्याला हायवेवर भरलेला ट्रक उभा राहतो. आणि कधी फोन येतो, गाडी गावाकडे न्यायची आहे. मग बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर करत कोंडाईबारीचा घाट चढून धुळ्यापर्यंत, मागे बंद गाडी लटकवून. या चार कामांत टायरवर येणारा ताण चार प्रकारचा असतो. दुकानात मात्र आपण एकच प्रश्न विचारतो, केवढ्याला दिला?

भावाचं नंतर पाहू. पहिला प्रश्न वजनाचा आहे, आणि टोचनच्या गाडीत वजनाचा हिशेब साध्या मालगाडीपेक्षा वेगळा चालतो. मालगाडीत माल हौद्यात, म्हणजे बहुतांश दोन आक्सलांच्या मध्ये असतो. टोचनच्या गाडीत उचललेलं वजन मागच्या आक्सलच्याही मागे लटकतं. पहारीने दगड उचलताना पहारीखालच्या टेकूवर दगडाचं वजन आणि तुमच्या हातांचा जोर दोन्ही एकत्र येतात; इथे तो टेकू म्हणजे मागचं आक्सल. त्यामुळे मागच्या चाकांवर उचललेल्या वजनापेक्षा जास्त भार येतो, आणि जेवढा जास्त येतो तेवढा पुढच्या चाकांवरून कमी होतो.

आकड्यांत पाहू. समजा टाटा ४०७ च्या वर्गातली गाडी आहे, मागे लोखंडी बूम आणि विंच बसवलेली. पुढच्या आणि मागच्या आक्सलमधलं अंतर ३ मीटर. हूक मागच्या आक्सलपासून दीड मीटर मागे. रिकाम्या गाडीचं वजन पुढे २००० किलो आणि मागे ३२०० किलो. आता बंद टेम्पोचं तोंड उचललं आणि हुकावर १२०० किलो आले. मागच्या आक्सलवर १२०० नव्हे, १८०० किलो वाढतात, आणि पुढचे ६०० किलो कमी होतात. मागे झाले ५०००, पुढे राहिले १४००. हूक जितका लांब, तितका हा फरक मोठा. बूम लांब करून घेताना हे कोणी मोजत नाही.

हे ५००० किलो मागचे टायर पेलतील का? उत्तर टायरच्या बाजूवर छापलेलं असतं. मापाच्या शेजारी दोन आकडे आणि एक अक्षर दिसतं, उदाहरणार्थ १२२/१२१ एल. पहिला आकडा टायर एकटा बसवला तर, दुसरा जोडीने बसवला तर. हे किलो नव्हेत, तक्त्यातले क्रमांक आहेत: १२२ म्हणजे १५०० किलो, १२१ म्हणजे १४५० किलो. जोडीत प्रत्येक टायरला कमी वजन धरतात, कारण जोडीतले दोन टायर सारखा भार क्वचितच उचलतात. एल म्हणजे ताशी १२० किलोमीटरपर्यंतचा वेग. के असेल तर ११०, जे असेल तर १००. मागे चार टायर १२१ चे असतील तर ५८०० किलो झाले. आपल्या उदाहरणातले ५००० त्यात बसतात.

आता हुकावर २००० किलो घ्या. भरलेल्या गाडीचं तोंड उचललं तर एवढं सहज येतं. मागे ३००० किलो वाढून ६२०० होतात, म्हणजे टायरची हद्द ओलांडली. पुढे उरतात १०००. अमेरिकेत टोइंगच्या धंद्यात एक ठोकताळा आहे: उचलल्यानंतर पुढच्या आक्सलवर, रिकाम्या गाडीत तिथे असतं त्याच्या निम्मं तरी वजन राहिलं पाहिजे, नाहीतर स्टिअरिंग आणि पुढचे ब्रेक भरवशाचे राहत नाहीत. आपण नेमके त्या काठावर येऊन उभे आहोत.

म्हणून माझं ठाम मत आहे की टोचनच्या गाडीचा टायर दुकानात जाण्याआधी काट्यावर ठरतो. धरमकाट्यावर आधी फक्त पुढची चाकं चढवून पावती घ्या, मग पूर्ण गाडीची घ्या, वजाबाकी करा. एकदा रिकामी आणि एकदा नेहमी उचलता तसली गाडी लटकवून. लटकलेल्या गाडीची मागची चाकं काट्याबाहेर राहतील एवढं बघा. चार पावत्या झाल्या की कोणता आकडा छापलेला टायर हवा, हे दुकानदाराला तुम्ही सांगाल.

इथे एक गैरसमज बाजूला करायला हवा. जास्त आकड्याचा टायर घातला म्हणून गाडी जास्त वजन पेलणारी होत नाही. आक्सल, पाटे, ब्रेक, चाकाची डिस्क तीच राहते. आरसीवर आक्सलचं जे वजन लिहिलंय ती तुमची हद्द. टायर त्याच्या वर असावा, खाली नसावा. मोठ्या गाड्यांत याचं उलटंही घडतं. केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये आक्सलवरच्या वजनाच्या मर्यादा वाढवल्या: पुढच्या आक्सलची ६ टनांवरून ७, चार टायरच्या एका आक्सलची १०.२ वरून ११.५ टन. आता १४६/१४३ छापलेला टायर घ्या. १४६ म्हणजे ३००० किलो, पुढचे दोन मिळून ६०००. १४३ म्हणजे २७२५ किलो, मागचे चार मिळून १०,९००. नव्या मर्यादेला दोन्हीकडे कमी पडतात. ७ टनांसाठी पुढे १५२ लागतो, मागे निदान १४५. जुनी गाडी देऊन नवी घेतलेल्या माणसाने सवयीने जुन्याच आकड्याचे टायर मागितले, तर कागदावर सगळं नियमात असूनही टायर रोज हद्दीपलीकडे चालतो.

जाता जाता एक खुलासा. टायरवरचं १६ पीआर म्हणजे आत १६ थर नसतात. ते ताकदीचं जुनं माप आहे. वजनाचा आकडाच वाचा.

नायलॉन की रेडियल, यावर उधन्यातल्या कोणत्याही टायरच्या दुकानात अर्धा तास वाद घालता येईल. नायलॉनची बाजू जाड, स्वस्त, खडी आणि फुटपाथची धार सोसणारी. पण तो तापतो. रेडियलमध्ये रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी पट्टे असतात, तो कमी तापतो, जास्त चालतो, डिझेल वाचवतो. पण त्याची बाजू चिरली तर तो गेला. दिवसभर शहरातच, वीस-तीसच्या वेगाने, गल्लीबोळांत काम असेल तर नायलॉन घेणाऱ्याला मी चुकीचं म्हणणार नाही. पण महिन्यातून काही वेळा जरी धुळ्याची खेप असेल, तर रेडियलच घ्या. मे महिन्यात खान्देशात पारा ४५ अंशांवर जातो, डांबर त्याहून तापलेलं असतं, आणि त्यावर भार घेऊन पाच-सहा तास चालणं हे नायलॉनचं काम नाही. एका आक्सलवर नायलॉन आणि रेडियल एकत्र कधीही नकोत, जोडीत तर मुळीच नकोत.

नक्षीचंही तसंच. सरळ रेघांचा रिब टायर पुढे. तो वळणावर ऐकतो आणि पाणी बाजूला फेकतो. खोल गट्ट्यांचा लग टायर काळ्या चिखलात आणि खाणीत उपयोगी, पण हायवेवर तो तापतो आणि लवकर झिजतो. टोचनच्या गाडीला मागे लग हवाच, असं समजून घेणारे बरेच आहेत. रस्त्याखाली उतरलेली गाडी विंच ओढते, टायर नाही. टायरने जागेवर घट्ट उभं राहायचं असतं, आणि त्यासाठी चाकांखाली लाकडी ओट लावतात. शहर आणि हायवे मिळून काम असेल तर मागे सेमी-लग पुरतो.

नवे टायर दोनच घ्यायची ऐपत असेल तर ते कुठे बसवायचे? बहुतेक मालक मागे बसवतात, वजन तिथे येतं म्हणून, आणि झिजलेले पुढे सरकवतात. साध्या मालगाडीत यावर चर्चा होऊ शकते, टोचनच्या गाडीत नाही. भार उचलला की पुढची चाकं हलकी होतात हे आपण पाहिलं. हलकं चाक, त्यावर गुळगुळीत झालेला टायर आणि खाली पावसाचं पाणी, अशा वेळी स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळ जाते. कायद्याने नक्षीची खोली निदान १.६ मिलिमीटर लागते. नक्षीच्या खोबणीत बसवलेल्या छोट्या उंचवट्यापर्यंत रबर झिजलं की टायर संपला. टोचनच्या गाडीच्या पुढच्या चाकांना मी तिथपर्यंत थांबणार नाही, पावसाळ्याआधी बदलेन. रबर चढवलेला टायर मागे चालेल, पुढे कधीच नाही.

मागच्या जोडीत दोन्ही टायर एकाच उंचीचे हवेत. एक नवा, एक अर्धा झिजलेला असं बसवलं की उंच टायर जास्त भार घेतो आणि बुटका रस्त्यावर घासत राहतो. लहान ट्रकच्या जोडीत व्यासातला फरक ६ मिलिमीटरच्या आत ठेवतात. आणि आतल्या टायरची हवा! व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही म्हणून तो महिनोन्महिने तसाच राहतो. हातोडीने ठोकून आवाजावरून हवा ओळखायची पद्धत आहे, तिने टायर बसलाय की नाही एवढंच कळतं. टायरवर छापलेलं वजन ठरावीक हवेलाच लागू असतं. हवा २० टक्के कमी असेल तर तो टायर बसलेलाच समजावा. व्हॉल्व्हला लांब नळी बसवून घ्या आणि सकाळी गार टायरची हवा मीटरने मोजा. चालून तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसली म्हणून ती सोडू नका. कमी हवेवर बराच चाललेला रेडियल पुन्हा भरताना बाजूने फुटू शकतो. तो जाळीत ठेवूनच भरायला सांगा आणि आपण समोर उभं राहू नका.

सेकंडहँडबद्दल थोडं. टायर काळा चकचकीत करून मांडला की वय कळत नाही, पण बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यातला. नक्षी कितीही शिल्लक असो, सहा वर्षांपुढचं रबर भाराखाली नको. आयएसआयची खूणही पाहा. ट्रकच्या टायरला आयएस १५६३६ हे मानक लागतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आहे, त्यामुळे जुना आणि नवा यांतलं अंतर पूर्वीइतकं उरलेलं नाही. बिल पक्कं घ्या, त्यावर टायरचा नंबर लिहून घ्या. वॉरंटीचा दावा त्याशिवाय पुढे सरकत नाही.

परदेशात पिकअपमागे बोट किंवा कॅरॅव्हॅन ओढणाऱ्या आपल्या नातेवाइकांनाही हाच हिशेब लागू आहे. अमेरिकेत साध्या ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भाग गाडीच्या हुकावर येतो, आणि तोही मागच्या आक्सलवर वाढूनच पोचतो.

पुढच्या आठवड्यात रबर चढवलेले टायर: गार पद्धत, गरम पद्धत, आणि कोणता सांगाडा दुसऱ्यांदा वापरण्याजोगा. तोवर एक काम करा. स्टेपनी खाली काढा आणि तिच्यावरचे ते चार आकडे वाचा. बऱ्याच गाड्यांत सगळ्यात जुना टायर तोच असतो, आणि घाटात रात्री तोच लावावा लागतो.