विद्यार्थ्याचे स्वास्थ्य आणि सार्वजनिक शिक्षण : शाळा अधीक्षक फ्रान्सिस पार्कर यांचा क्विन्सीतील प्रयोग

‘तालीम’ आणि ‘तर्बियत’ हे दोन शब्द आपल्या शिक्षणसंस्थांच्या अहवालांत नेहमी जोडीने येतात. तालीम म्हणजे शिकवणे आणि तर्बियत म्हणजे जोपासना. व्यवहारात मात्र आपण त्यांची फारकत करून टाकली आहे. तालीम वेळापत्रकात असते, तर्बियत स्नेहसंमेलनाच्या भाषणात. विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याचा प्रश्न निघाला की तोही आपण असाच वेगळ्या कप्प्यात टाकतो. एखादे शिबिर भरवले, एखादे व्याख्यान ठेवले, की काम झाले! वर्गातील अध्यापनाचा आणि विद्यार्थ्याच्या स्वास्थ्याचा संबंध किती जवळचा आहे, हे अमेरिकेतील एका शाळा अधीक्षकाच्या कामावरून फार चांगले समजते. फ्रान्सिस वेलँड पार्कर (१८३७-१९०२) हे त्यांचे नाव.

परीक्षेने उघडे पाडलेले सत्य

मॅसॅच्युसेट्स राज्यातील क्विन्सी हे बॉस्टनजवळचे गाव. तेथील सार्वजनिक शाळांचा कारभार गावाने निवडलेली शाळा समिती पाहत असे. १८७३ साली या समितीने वार्षिक परीक्षा शिक्षकांवर न सोपवता स्वतः घ्यायचे ठरवले. निकाल धक्कादायक होता. मुलांना व्याकरणाचे नियम तोंडपाठ होते, पण साधे पत्र लिहिता येत नव्हते. पाठ्यपुस्तक ती घडाघडा वाचत. तशाच मजकुराचे अनोळखी पुस्तक समोर ठेवले की अडखळत. शब्दांच्या यादीतील स्पेलिंग बिनचूक सांगत. तेच मूल पत्र लिहू लागले की चुकांचा सडा पडे. समितीचे सदस्य चार्ल्स फ्रान्सिस अ‍ॅडम्स (कनिष्ठ) यांनी पुढे १८७९ साली ही हकीकत पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केली. समितीने दोष मुलांच्या माथी मारला नाही. पद्धत बदलू शकेल असा अधीक्षक शोधला. १८७५ मध्ये पार्कर क्विन्सीला आले.

पार्कर यांचे काम

पार्कर यांचे स्वतःचे बालपण कष्टात गेले होते. वडील लवकर वारले आणि त्यांना लहान वयातच एका शेतकऱ्याकडे कामाला ठेवण्यात आले. पुढे ते शिक्षक झाले, यादवी युद्धात लढले, १८६४ मध्ये मानेला गोळी लागून जखमी झाले. युद्धानंतर त्यांनी जर्मनीत जाऊन शिक्षणशास्त्राचा अभ्यास केला.

क्विन्सीत त्यांनी ठरावीक अभ्यासक्रम, शब्दांच्या याद्या आणि व्याकरणाची घोकंपट्टी बाजूला ठेवली. वाचनासाठी मासिके, वर्तमानपत्रे आणि शिक्षकांनी स्वतः तयार केलेला मजकूर आणला. अंकगणित वस्तू हाताळून सुरू होई, तर भूगोल गावच्या टेकडी-ओढ्यापासून. धाक, गुण आणि बक्षीस यांच्या जोरावर शिकवण्यास त्यांचा विरोध होता. अधीक्षकाचे काम केवळ तपासणी करणे नव्हे, तर शिक्षकांना शिकवणे आहे, असे ते मानत. शिक्षकांसमोर दिलेली त्यांची व्याख्याने ‘टॉक्स ऑन टीचिंग’ या नावाने १८८३ मध्ये ग्रंथरूपात आली.

मुले आनंदी असतील, पण लिहिणे-वाचणे-हिशेब कच्चे राहणार, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला. १८७९ मध्ये राज्याच्या वतीने परगण्यातील शाळांची पाहणी झाली. वाचन, लेखन आणि स्पेलिंग यांत क्विन्सीची मुले सरस ठरली. अंकगणितात चौथी आली. म्हणजे टीकेला उत्तर बरेचसे मिळाले, पूर्ण नाही. स्वतः पार्कर यांनी मात्र आपण काही नवे शोधल्याचा दावा केला नाही. जुनी, सर्वमान्य तत्त्वे फक्त वर्गात उतरवतो आहोत, अशी त्यांची भूमिका होती.

आपल्यासाठी अर्थ

उर्दू माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना मराठी शिकवणाऱ्या कोणाही प्राध्यापकाला १८७३ चे ते क्विन्सी ओळखीचे वाटेल. घरी दखनी, शाळेत उर्दू, कचेरीत मराठी किंवा कन्नड, अशा घरातून हे विद्यार्थी येतात. ‘माझा आवडता ऋतू’ हा निबंध ते पाठ करून सुबक लिहितात. शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र दुसऱ्याकडून लिहून घेतात. हा केवळ भाषेचा कच्चेपणा नव्हे. पाठांतरावर उभा असलेला विद्यार्थी सतत भीतीच्या छायेत असतो, कारण एक प्रश्न फिरवून आला की त्याच्या पायाखालची जमीन सरकते. त्याची ही भीती आपण आळस समजतो.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक पात्र समुपदेशक नेमावा किंवा त्याची सेवा घ्यावी, असे त्यांत सांगितले आहे. ही तरतूद अत्यावश्यक आहे. खचलेल्या मुलाला जाणकाराचीच मदत हवी, तेथे अध्यापकाचा सद्भाव पुरत नाही. पण समुपदेशकाच्या खोलीत मिळालेला धीर विद्यार्थ्याने पुढच्याच तासाला वर्गात गमवावा, हे योग्य नव्हे.

म्हणून क्विन्सीच्या समितीने केले ते आपणही करून पाहावे. प्रत्येक सत्रात एकदा, गुण न देता, विद्यार्थ्यांपुढे न शिकवलेला उतारा ठेवावा आणि एक खरा अर्ज त्यांच्याकडून लिहून घ्यावा. जे दिसेल त्यावर विभागातील सर्वांनी एकत्र बसून विचार करावा. मात्र त्या बैठकीत विद्यार्थ्यांच्या तक्रारी नकोत, आपल्या अध्यापनाची झडती हवी. स्वतःचा अर्ज स्वतः लिहिणारी मुलगी कचेरीच्या खिडकीपाशी मान वर करून उभी राहते. तिच्या बाबतीत तालीम आणि तर्बियत वेगळ्या उरलेल्या नसतात.