एक भाषा, दोन पाणवठे

कसालच्या तिठ्यावरून एक वाट मालवणला जाते. हमरस्ता पुढे गोव्याकडे. याच मुंबई-गोवा रस्त्यावर उत्तरेला महाड आहे. २० मार्च १९२७ रोजी तेथे बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि दलितांवर लाठ्या पडल्या. मारणारे मराठीच बोलत होते. मार खाणारेही मराठीच. समान भाषेमुळे माणसे आपोआप एक होतात, असे म्हणणाऱ्यांनी महाड विसरू नये.

स्पॅनिश बोलणाऱ्या अमेरिकेतही हेच घडले. सिमॉन बोलिव्हारला त्या देशांची एकजूट हवी होती. १८१६ मध्ये तो हरून आश्रयाला आला तेव्हा हैतीच्या काळ्या प्रजासत्ताकाने त्याला शस्त्रे दिली. अट एकच, गुलामांना मुक्त करा. पुढे १८२६ मध्ये एकजुटीसाठी पनामा येथे परिषद भरली. पोर्तुगीज बोलणाऱ्या ब्राझीलला आमंत्रण गेले, हैतीला नाही. म्हणजे अडचण भाषेची नव्हती. व्हेनेझुएलात गुलामगिरी १८५४ पर्यंत टिकली.

आपल्याकडे काय झाले? १९५५ मध्ये भाषावार राज्यांवर लिहिताना बाबासाहेबांनी 'एक राज्य, एक भाषा' हे तत्त्व मानले. पण अशा राज्यात संख्येने मोठी जात सत्ता बळकावील आणि दलित तिच्या दयेवर राहतील, हा धोकाही स्पष्ट सांगितला. तरीही १९५६ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन उतरले. दादासाहेब गायकवाड लढले. अण्णा भाऊ साठ्यांच्या शाहिरीने गिरणगाव पेटवला. शंभरावर माणसे हुतात्मा झाली. १ मे १९६० रोजी राज्य मिळाले.

आणि जमीन? भूमिहीनांना तिच्यासाठी १९६४ मध्ये पुन्हा सत्याग्रह करावा लागला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला, तर मराठवाड्यात दलितांची घरे जाळली गेली. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. सोळा वर्षे! जाळणारे परप्रांतीय नव्हते.

मग भाषिक एकजूट नको काय? तसे नाही. मराठी आमचीही आहे. बेळगावच्या सीमाप्रश्नासाठी हाक आली तर आम्ही जरूर जाऊ. पण हैतीसारखी अट घालून जाऊ: नकाशा जोडण्याआधी पाणवठा, जमीन आणि सत्ता यांतला वाटा बोला. विजयानंतर मागितलेला वाटा भीक ठरतो. लढ्याआधी ठरवलेला वाटा हक्क असतो.