कोळशाच्या गावातला रात्रीचा नाच

इंग्लंडच्या नकाशात मँचेस्टर आणि लिव्हरपूल ही दोन मोठी शहरे लगेच सापडतात. त्यांच्या मधे विगन नावाचे एक लहान शहर आहे. जमिनीखाली कोळशाच्या खाणी आणि वर सूतगिरण्या, असे हे गाव. हा लँकेशरचा मुलूख. एके काळी आपल्याकडचा कापूस बोटीत भरून याच मुलखात जाई आणि कापड होऊन परत येई.

१९७० च्या सुमारास तिथल्या गिरण्या एकामागून एक बंद पडत होत्या. खाणी ओस पडत होत्या. अशा गावात पुढे आठ वर्षे दर शनिवारी रात्री दूरदूरची तरुण मंडळी नाचायला येत होती. ती का येत, तो नाच का बंद पडला आणि पुन्हा कसा उभा राहिला, ते आता पाहू.

आधी गाण्यांचे सांगतो. ती गाणी इंग्लंडची नव्हेतच. ती अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय गायकांची. डेट्रॉइट हे मोटारींच्या कारखान्यांचे शहर. तिथे आणि शिकागोत १९६० नंतरच्या दहा वर्षांत लहानमोठ्या कंपन्यांनी अशा गाण्यांच्या ढीगभर तबकड्या काढल्या. शब्द पुष्कळदा दुःखाचे, पण ठेका असा जलद की पाय गप्प बसत नाहीत! काही गायकांचे नाव झाले. बाकीच्यांच्या तबकड्या खपल्याच नाहीत. त्या वखारीत धूळ खात पडल्या. इंग्लंडमधले शौकीन त्या शोधून आणू लागले. लंडनची आवड तोवर बदलली होती. उत्तरेकडच्या गिरणगावांतल्या पोरांना मात्र हाच ठेका हवा होता. म्हणून डेव्ह गोडिन या लेखकाने १९७० साली या संगीताला ‘नॉर्दर्न सोल’ असे नाव दिले. नॉर्दर्न म्हणजे उत्तरेकडचे, आणि सोल हे त्या अमेरिकन गाण्याचे नाव. गाणी एका देशाची आणि दिशा दुसऱ्या देशाची, अशी ही गंमत आहे.

अशा नाचाच्या जागा टिकत नसत. मँचेस्टरचा ‘ट्विस्टेड व्हील’ १९७१ साली बंद झाला. स्टोक या कुंभारकामाच्या शहरातला ‘टॉर्च’ १९७३ साली गेला. रात्रभर जागता यावे म्हणून काही पोरे उत्तेजक गोळ्या खात. त्यामुळे पोलिसांचा डोळा या जागांवर असे, आणि तो उगीच नसे.

विगनमध्ये एक जुने नाचघर होते. त्याला ‘विगन कसिनो’ म्हणत. कसिनो म्हणजे जुगाराचा अड्डा खरा, पण इथे जुगार नव्हता. रात्रीच्या नाचात दारूही मिळत नसे. २३ सप्टेंबर १९७३ रोजी इथे पहिला रात्रभराचा नाच झाला. वेळ रात्री दोन ते सकाळी आठ!

या नाचाला जोडीदार लागत नाही. ज्याने त्याने आपल्यापुरते नाचावे. गिरकी घ्यावी, पाय झाडावा, मागे भुईवर पडून हाताच्या जोरावर उठावे. लाकडी जमिनीवर पाय सरकावेत म्हणून टाल्कम पावडर भुरभुरायची, आपण कॅरमवर टाकतो तशी. घामाने कपडे भिजत, म्हणून पिशवीत दुसरा सदरा असे. आठवडाभर कारखान्यात ज्याला कोणी हिशेबात धरत नाही, तो इथे एक गिरकी चांगली घेतली की चारचौघांत ओळखला जाई. आमच्या मते या नाचाचा जीव तिथं होता.

तबकडी लावणारेही मोठे वस्ताद. दुर्मिळ तबकडीवरचा नावाचा कागद झाकून ते खोटेच नाव सांगत, वैदू आपली मुळी लपवतो तसे. सकाळी आठच्या आधी ठरलेल्या तीन तबकड्या लागत. त्या झाल्या की घरी जायचे.

मग नगरपालिकेला जागा हवी झाली. तिथे कचेऱ्या वाढवायचे ठरले. ६ डिसेंबर १९८१ ला शेवटचा नाच झाला. सांगतात की त्या सकाळी तिन्ही तबकड्या संपल्या तरी कोणी जागचे हलेना. तेव्हा रस विन्स्टॅन्ली याने पेटीत हात घातला आणि हाताला लागली ती तबकडी लावली. ती फ्रँक विल्सन या गायकाची होती. पुढच्या वर्षी इमारतीला आग लागली आणि १९८३ साली ती पाडली. कचेऱ्या काही झाल्या नाहीत. २००७ साली त्या जागेवर ‘ग्रँड आर्केड’ नावाचा मोठा बाजार उघडला.

नाच मात्र मेला नाही. कोणी धनवान धावून आला, असेही नाही. नाचणाऱ्यांनीच कुठे कामगारांचे क्लब, कुठे नगरभवन भाड्याने घेतले. तबकड्या तर त्यांच्या घरातच होत्या. स्टॅफर्ड गावी १९८० नंतर पुन्हा रात्रभराचे नाच सुरू झाले. स्टोकच्या किंग्ज हॉलमध्येही होऊ लागले. अमेरिकेतल्या काही गायकांना तर आपली जुनी गाणी इंग्लंडमध्ये नाचली जातात, हे उतारवयात कळले. त्यांना बोलावून आणले. मग पंचवीस-तीस वर्षांपूर्वी न खपलेले गाणे ते भरल्या सभागृहात गायले! २०१४ साली ‘नॉर्दर्न सोल’ हा चित्रपट निघाला. त्यासाठी तरुण पोरापोरींना हा नाच शिकवला, आणि त्यातून नवी मंडळी आली. २०२३ साली लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये मोठ्या वाद्यवृंदाने हीच गाणी वाजवली.

फ्रँक विल्सनची ती तबकडी १९६५ सालची. तेव्हा तिच्या बहुतेक प्रती नष्ट केल्या होत्या. उरलेल्यांपैकी एक २०२० साली सुमारे एक लाख पौंडांना विकली गेली. आम्हाला काही त्याचे कौतुक वाटत नाही. तबकडी तिजोरीत गेली की ती नाचणाऱ्यांच्या काय कामाची?

विगनला नाचलेली पोरे आता सत्तरीच्या घरात आहेत. गुडघे कुरकुरतात, म्हणून पुष्कळ ठिकाणी नाच दुपारीच ठेवतात. पिशवीत दुसरा सदरा अजून असतो. पावडरही असते, पण काही सभागृहांत आता तिला बंदी आहे. घसरून कोणी पडले तर जबाबदारी कोणाची, असे सभागृहवाले म्हणतात. म्हातारे मान डोलावतात आणि दिवे मंद झाले की चिमूटभर भुरभुरून घेतात.