लांब केसांच्या मांजराच्या पिल्लाची निगा

मांजर आपली स्वच्छता आपणच राखते, अशी समजूत सर्वत्र रूढ आहे. आणि आखूड केसांच्या गावठी मांजरापुरती ती खरीही आहे. जागेपणीचा बराच वेळ ते अंग चाटण्यात घालविते. त्याला कोणी विंचरीत नाही, न्हाऊ घालीत नाही, आणि त्यावाचून त्याचे काही अडतही नाही. परंतु म्हैसूरसारख्या शहरांत आता गावठी मांजरांच्या जोडीला लांब केसांची, इराणी म्हणून ओळखली जाणारी पिल्लेही पाळली जातात. हे पिल्लूही गावठी पिल्लाइतकेच मन लावून अंग चाटते. तरीही माणसाने लक्ष दिले नाही, तर काही आठवड्यांतच त्याच्या काखेत, कानांमागे आणि मांड्यांच्या आतल्या बाजूस केसांच्या जटा होतात, जटांखालची कातडी ओढली जाऊन लाल होते, आणि पिल्लू हात लावू देईनासे होते. चाटणे सारखेच, मग परिणामात एवढा फरक का पडावा?

याचे उत्तर जिभेत सापडते. मांजराची जीभ खरखरीत लागते, कारण तिच्यावर घशाच्या दिशेने वळलेले बारीक काटे असतात. नखे ज्या द्रव्याची बनतात, त्याच द्रव्याचे हे काटे असतात. ते भरीव असतात असे पुष्कळ काळ मानले जात होते. अमेरिकेतील जॉर्जिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील ॲलेक्सिस नोएल व डेव्हिड हू यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात निराळीच गोष्ट दिसून आली. काट्याचे टोक पन्हळीसारखे पोकळ असते. त्या पोकळीत लाळ आपोआप चढते, आणि चाटताना ती केसांच्या मुळाशी जाऊन पोचते. मुळाशी पोचलेली लाळ मळ सैल करते, आणि वाळताना अंगातील उष्णताही घेऊन जाते. घरच्या मांजरापासून सिंह-वाघांपर्यंत निरनिराळ्या मार्जारवंशीयांच्या जिभा या संशोधकांनी तपासल्या. जीभ दाबली असता दबलेल्या केसांच्या थरातून काटा कातडीपर्यंत पोचतो, असे बहुतेकांच्या बाबतीत आढळले. अपवाद ठरले ते लांब केसांचे इराणी मांजर. त्याच्या केसांचा थर काट्याच्या लांबीहून जाड असल्यामुळे जीभ वरवर फिरते आणि मूळ कोरडे राहते. निसर्गाने दिलेली फणी येथे अपुरी पडते. तेव्हा उरलेले काम माणसाच्या हातातील फणीने करणे भाग आहे.

आता हा केस इतका वाढतो कसा, तेही पाहिले पाहिजे. प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग थांबतो आणि शेवटी गळून पडतो. वाढ थांबविण्याची सूचना देणारे एक द्रव्य शरीरात तयार होते. त्याच्या जनुकात बिघाड झाला की सूचना वेळेवर मिळत नाही आणि केस वाढतच राहतो. मांजरातील हे बिघाड २००७ साली ओळखले गेले. आई व बाप या दोघांकडूनही असा जनुक मिळाला तरच पिल्लू लांब केसांचे होते. म्हणूनच आखूड केसांच्या दोन गावठी मांजरांच्या पोटीही क्वचित एखादे झुपकेदार पिल्लू जन्मास येते, आणि शेजारीपाजारी त्याच्या बापाविषयी तर्क सुरू होतात.

या मांजरांची कीर्ती जुनी आहे. पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने इराणात असताना, १६२०च्या सुमारास, खोरासान प्रांतातील लांब, रेशमी केसांच्या मांजरांचे वर्णन लिहून ठेवले. पोर्तुगीजांनी ही मांजरे इराणातून हिंदुस्थानात नेली, अशीही त्याची नोंद आहे. पुढे १६२३ साली हाच प्रवासी सुरतेस व गोव्यास आला, आणि पोर्तुगीज वकिलाबरोबर कर्नाटकातील इक्केरीच्या नायकांच्या राजधानीपर्यंत गेला. तथापि आज इराणी म्हणून विकली जाणारी चपट्या तोंडाची जात मुख्यतः युरोपातील व पुढे अमेरिकेतील पैदासकारांनी निवड करीत करीत घडविलेली आहे. नाव इराणी राहिले; रूप मात्र माणसाच्या हौसेचे आहे.

खोरासानचा हिवाळा कडक आणि हवा कोरडी. म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर असल्यामुळे तेथील उन्हाळा किनाऱ्याइतका असह्य नसतो. तरी मार्च-एप्रिलमध्ये पारा ३५ अंशांच्या आसपास चढतो. मे महिन्यात वळवाचा पाऊस येतो, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात पुन्हा पावसाचा जोर होतो. ओलसर हवेत केस लवकर वाळत नाहीत, हे तर उघडच आहे. पण आणखी एक फरक आहे, आणि तो सहसा लक्षात घेतला जात नाही. मांजराचे केस गळण्याचे वेळापत्रक बव्हंशी दिवसाच्या लांबीवर चालते. खोरासानमध्ये वर्षातील सर्वांत मोठा दिवस सर्वांत लहान दिवसाहून सुमारे पाच तासांनी मोठा असतो. म्हैसुरात हा फरक जेमतेम दीड तासाचा. शिवाय घरातील मांजर रात्रीही दिव्यांच्या उजेडात वावरते. त्यामुळे थंड देशांत वसंतात एकदम होणारी केसगळ येथे वर्षभर थोडीथोडी चालूच राहते. परदेशी पुस्तकांत वर्णिलेला ऋतूंनुसार विंचरण्याचा क्रम येथे उपयोगी पडत नाही. बारा महिने, रोज एकदा विंचरणे हाच येथला नियम.

हा नियम पिल्लाला पटावयास हवा, आणि त्याची वेळ फार लवकर येते. जन्मानंतरच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लाला माणसाच्या स्पर्शाची जी सवय लागते, ती जन्मभर टिकते. पिल्लू घरी येते तोवर हा काळ बहुधा सरलेला असतो, तरी पुढचे दोन-तीन महिनेही शिकविण्यास अनुकूल असतात. चौथ्या ते सहाव्या महिन्यांत पिल्लाची मऊ लव जाऊन प्रौढ केस येऊ लागतात आणि गुंता खरा तेव्हाच वाढतो. त्यापूर्वी कंगव्याची ओळख झालेली असली, तर ते शांतपणे पडून राहते. नसली, तर प्रत्येक विंचरणे म्हणजे झटापट होते.

प्रथम दोन मिनिटांपेक्षा अधिक वेळ घेऊ नये. खाणे झाल्यावर पिल्लू सुस्तावले की त्यास मांडीवर घ्यावे आणि गाल, हनुवटी, मान या त्याच्या आवडीच्या जागांपासून आरंभ करावा. काख, पोट आणि मांड्या शेवटी घ्याव्यात. एका दिवशी एकच जागा झाली तरी चालते. पिल्लू शेपटी आपटू लागण्यापूर्वीच थांबावे, म्हणजे कंगव्याची आठवण गोड राहते. साधने दोनच लागतात: विरळ, गोल टोकांच्या दातांचा धातूचा कंगवा, आणि उवा काढण्यासाठी घरोघर असते तशी बारीक दातांची फणी. मऊ ब्रशाने वरचे केस चमकतात, पण आतल्या लवेचा गुंता तसाच राहतो. फसवणूक होते ती येथेच. केस थराथराने बाजूस सारून कातडी दिसेपर्यंत कंगवा गेला पाहिजे. टोकाकडून आरंभ करून हळूहळू मुळाकडे यावे, आणि केसाचे मूळ दुसऱ्या हाताच्या चिमटीत धरावे, म्हणजे कातडीला ओढ बसत नाही.

एवढे करूनही एखादी जट झालीच, तर तिच्यावर चिमूटभर साधे कॉर्नफ्लोअर चोळून ती बोटांनी उकलावी. कात्री मुळीच लावू नये. मांजराची कातडी पातळ व सैल असते. जटेबरोबर ती वर उचलली जाते, आणि केस कापतो आहोत असे वाटत असताना कातडीच कापली जाते. पशुवैद्यांकडे अशा जखमा शिवण्यासाठी पिल्ले येतात. घट्ट बसलेली जट यंत्राने काढण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवावे. आणि जट असताना पिल्लास न्हाऊ घालणे ही तर मोठीच चूक होय. लोकर भिजवून मळली की तिचा नमदा होतो. धनगर आणि कुरुब यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पिल्लाच्या अंगावरही नेमके तेच घडते.

नियमित विंचरलेल्या पिल्लास स्नान क्वचितच लागते. लागलेच, तर कोरड्या, उन्हाच्या दिवशी कोमट पाण्याने, मांजरासाठीच केलेल्या साबणद्रव्याने ते घालावे व केस मुळापर्यंत कोरडे करावेत. माणसासाठी केलेला सुवासिक साबण, मग तो चंदनाचा का असेना, वापरू नये. शिकेकाई आणि रिठाही नको. डोळ्यांस ती झोंबतात, आणि अंगावर राहिलेला अंश चाटला जातो.

चाटण्याची ही दुसरी बाजू सर्वांत गंभीर आहे. केसांवर पडलेली प्रत्येक वस्तू अखेर मांजराच्या पोटात जाते. फरशी फिनेलने पुसली, पिल्लू तिच्यावरून चालले आणि मग त्याने पंजे चाटले, तर फिनेल त्याने प्यायल्यासारखेच होते. कित्येक विषारी द्रव्ये माणसाचे यकृत ज्या रीतीने निकामी करते, ती रीत मांजराच्या यकृतास जवळजवळ साधत नाही. तापावरची पॅरासिटामॉलची अर्धी गोळीदेखील पिल्लाचा जीव घेऊ शकते. कुत्र्याच्या गोचिडांवर मारावयाच्या काही औषधांतील परमेथ्रिन कुत्र्यास सोसते. मांजरास मात्र त्याने झटके येतात. पिसवांसाठी अंगाला रॉकेल चोळण्याचा जुना उपायही तितकाच घातक आहे. फुलदाणीतील खऱ्या लिलीचा पराग केसांना लागून चाटला गेला, तरी मूत्रपिंडे निकामी होतात. असे काही अंगास लागल्याचे कळताच ते पुसून पिल्लास तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे. ओकारी काढण्याचे घरगुती प्रयोग करू नयेत. गळलेले केस गिळल्यामुळे मधूनमधून केसांची गुंडाळी ओकून पडते, ते विशेष नव्हे. मात्र ओकाऱ्या पुनःपुन्हा होऊ लागल्या आणि खाणे सुटले, तर केस आतड्यात अडकल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी तोंडात बळेच तेल वा तूप ओतल्यास ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो.

केसांची प्रत अन्नावर अवलंबून असते, आणि या बाबतीत शाकाहारी घरांत अजाणता अन्याय होतो. दूधभात किंवा दहीभात खाऊन पिल्लू गुबगुबीत दिसते, पण ते त्याचे अन्न नव्हे. टॉरिन नावाचे द्रव्य मांजराचे शरीर पुरेसे तयार करू शकत नाही. ते मांस व मासे यांतून मिळते. त्याच्या अभावी डोळ्याचा पडदा खराब होतो, हे १९७५ साली सिद्ध झाले. हृदयाचे स्नायू दुबळे होतात, हे १९८७ साली. गाजरातील पिवळ्या द्रव्यापासून माणूस अ जीवनसत्त्व बनवितो, मांजर बनवू शकत नाही. घरात मांस शिजविणे शक्य नसेल, तर पिल्लांसाठी तयार केलेले, टॉरिनयुक्त कोरडे खाद्य द्यावे. तेही मान्य नसेल, तर मांजर न पाळणे बरे. दूध पुष्कळ पिल्लांना पचत नाही. त्याने झालेल्या हगवणीत मागचे लांब केस बरबटतात, आणि पावसाळ्यात त्यांवर माश्या अंडी घालतात. एका दिवसात अळ्या पडू शकतात. म्हणून शेपटीखालचे केस रोज पाहावेत आणि फार वाढल्यास जाणत्याकडून आखूड करून घ्यावेत.

चपट्या तोंडाच्या पिल्लांत अश्रूंची नळी दबलेली असल्यामुळे डोळ्यांतून पाणी ओघळते व नाकाजवळच्या घडीत तपकिरी मळ साचतो. तो कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या कापसाने, प्रत्येक डोळ्यास वेगळा बोळा घेऊन, पुसावा. उन्हाळ्यात या पिल्लांना श्वासाचा त्रास लवकर होतो. गार फरशी, वारा व पुरेसे पाणी त्यांना मिळाले पाहिजे. सर्व केस मुळापासून भादरून टाकण्याचा मोह होतो. परंतु उघडी पडलेली कातडी उन्हाने पोळते. रोज विंचरून मोकळे ठेवलेले केस अधिक सुखकर असतात.

केस गळून वाटोळा, खवल्यांचा चट्टा दिसू लागला, तर ते गजकर्ण असण्याचा संभव असतो. लांब केसांच्या पिल्लांत हा बुरशीचा रोग विशेष आढळतो आणि तो मुलांनाही लागतो. अशा पिल्लाचा कंगवा दुसऱ्या प्राण्यासाठी वापरू नये. पिल्लाच्या लसी सहाव्या ते आठव्या आठवड्यापासून सुरू होतात. रेबीजची लस बहुधा तिसऱ्या महिन्यात देतात. घराबाहेर न जाणाऱ्या पिल्लासही ती द्यावी.

विंचरून झाल्यावर फणीत आलेले केस लगेच टाकून देऊ नयेत. त्यांत काळे बारीक कण दिसले, तर ते ओल्या पांढऱ्या कागदावर झटकावेत. कण तसेच काळे राहिले तर ती धूळ होय. त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला, तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेले रक्त. पिसवा फार झाल्यास लहान पिल्लू रक्त कमी होऊन दगावते. तेव्हा हिरड्या फिकट दिसतात का ते पाहून त्याच दिवशी पशुवैद्यास दाखवावे.